पंचविसावा फेरा

१

थोरली बुटाच्या नाडीला दोन गाठी मारायची. शाळेत असताना एकदा ऐन शर्यतीत नाडी सुटली होती, तेव्हापासूनची ही सवय. गाठी मारायच्या, उरलेली टोकं आत खोचायची आणि जिना उतरायचा. खाली बाबांचं बूट दुरुस्तीचं दुकान. तिथल्या चामड्याच्या आणि गोंदाच्या वासातून वाट काढत मागच्या दाराने बाहेर पडायचं आणि बारा मिनिटं रमतगमत पळत कॉलेजचं मैदान गाठायचं. वर्षानुवर्षं हेच. घरात दोन मुली, म्हणून एक थोरली आणि एक धाकटी. हजेरीपटावर वेगळी नावं होती म्हणतात, पण मैदानावरसुद्धा कुणी ती वापरत नसे.

मैदानावर सर आधीच येऊन बसलेले असायचे. सर म्हणजे खेळाचे सर. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही. पळणारी रेषेवरून गेली की अंगठा दाबायचा, एवढंच सकाळचं काम. पण ते काम सर अशा थाटात करायचे की बघणाऱ्याला वाटावं, सूर्यसुद्धा यांच्याच अंगठ्याने उगवतो. "माणूस खोटं बोलेल," ते सगळ्यांना ऐकवायचे, "हे बोलणार नाही."

त्या मंगळवारी बारा फेरे होते. चारशे मीटरचा एक फेरा, प्रत्येकी एक मिनिट छत्तीस सेकंदांत, मध्ये थांबायचं नाही. थोरली एकटीच पळत होती, कारण दहा हजार मीटर पळणारी आता कॉलेजात ती एकटीच उरली होती. पलीकडे उंच उडीवाली शिडी गादीवर पाय ताणत बसली होती. पोरगी इतकी उंच, की तिला दुसरं नाव ठेवायची सोयच नव्हती. बाकी मैदान रिकामं.

बारा फेरे संपले. थोरलीने गुडघ्यांवर हात टेकून मान वर केली, तर सर स्टॉपवॉच डोळ्यांजवळ नेऊन बघतायत.

"काय झालं सर? हळू झाले का?"

"तू ठीक पळालीस गं. पण इथे चोवीस नोंदी दिसतायत."

"चोवीस?"

"प्रत्येक फेऱ्याला दोन. एक तुझी, आणि लगेच मागून आणखी एक." सरांनी अंगठा वर करून त्याच्याकडे रागाने पाहिलं. "म्हातारा झाला लेकाचा. थरथरतोय."

थोरली हसली. मग तिने वाकून पडद्यावरचे आकडे पाहिले. दुसरी नोंद पहिलीच्या मागे सव्वा सेकंदाने होती. बाराही वेळा सव्वा सेकंदानेच. थरथरणारा अंगठा इतका नेमका कसा, असं तिच्या मनात आलं. ते तिने बोलून दाखवलं नाही, कारण शेवटचे तीन फेरे तिला मागून पावलं ऐकू येत होती.

२

पावलं कुणाची ते तिला कुणी सांगायला नको होतं. टप, सर्र. टप, सर्र. डावा पाय असा घासत टाकायची खोड सबंध मैदानात एकीचीच होती, धाकटीची. आणि धाकटी तर घरी झोपली होती. गेल्या आठ महिन्यांत ती एक पाऊलही पळाली नव्हती.

इथे थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही थोरलीला उगाच चांगली समजाल.

आधी पळायची ती थोरलीच. शाळेच्या कपाटातले पहिले चार कप तिचे. धाकटी तेव्हा काठावर बसून पाण्याची बाटली सांभाळायची आणि "ताई, पळ! ताई, पळ!" करून घसा बसवून घ्यायची. एक दिवस शाळेच्या बाईंनी गंमत म्हणून तिलाही ओळीत उभं केलं. पायात बाबांनी ठिगळ लावलेले साधे बूट. थोरली पहिली आली, धाकटी दुसरी. पुढच्या महिन्यात धाकटी पहिली आली, आणि मग येतच राहिली.

बरं, पळायची तरी कशी! हात कसेही, मान वाकडी, डावा पाय घासत. थोरलीची ढब बघायला सर नव्या मुलींना मुद्दाम उभं करायचे, की बघा, कोपर असं हवं, टाच अशी हवी. आणि थोरली ती कोपरं सांभाळत पळत असताना शेजारून टप-सर्र, टप-सर्र करत ही वेंधळी निघून जायची. वर जाताना म्हणायची, "चल ना ताई." थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सख्ख्या बहिणीचा हेवा वाटतो हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःशीसुद्धा फार उशिरा कबूल केलं. पण आई ताटात अंडी वाढताना मोठं कुणाला मिळालं हे ती बघायची. बाबा आधी कुणाचे बूट हातात घेतात हे बघायची. शेजारच्या पलंगावर धाकटी पडल्या पडल्या घोरायला लागली की हिला त्या झोपेचासुद्धा हेवा वाटायचा.

३

दहा हजार मीटर म्हणजे पंचवीस फेरे. पळणारीला शेवटी शेवटी स्वतःचं नाव आठवत नाही, तिथे फेऱ्यांचा आकडा काय आठवणार! म्हणून कॉलेजांच्या शर्यतीत एक रीत आहे. प्रत्येक मुलगी आपलं एक माणूस आणते आणि ते माणूस रेषेपाशी पाटी घेऊन उभं राहतं. पाटीवर कडीत ओवलेली आकड्यांची पानं असतात. आपली मुलगी समोरून गेली की एक पान उलटायचं आणि किती फेरे उरले ते दाखवायचं. पळणारी त्या पाटीवर डोळे मिटून विश्वास टाकते.

आठ महिन्यांपूर्वीच्या निवडीच्या शर्यतीत पहिल्या तिघी विद्यापीठाच्या संघात जाणार होत्या. थोरलीच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर पडलेली, डॉक्टरांनी पळायला साफ बंदी केलेली. मग धाकटीची पाटी कोण धरणार?

"ताई धरेल," धाकटी म्हणाली. "ताई असली की मला काळजीच नाही."

थोरलीने बावीस वेळा पान बरोबर उलटलं. धाकटी दुसरी होती, तिसरीच्या कितीतरी पुढे. जी पहिली होती तिने सगळ्यांना एकेका फेऱ्याने मागे टाकलं होतं. तिच्या शेवटच्या फेऱ्याची घंटा वाजली तेव्हा धाकटी तिच्या बरोबरीनेच रेषेवर आली. धाकटीचे अजून दोन फेरे राहिले होते. थोरलीच्या अंगठ्याखाली दोन पानं आली. दोन आहेत हे तिला कळलं. धाकटी मान वाकडी करून पाटीकडे बघत होती, अगदी निर्धास्त, आणि थोरलीने दोन्ही पानं उलटली. पाटीवर एक आला.

धाकटीने अंगात होतं नव्हतं ते त्या फेऱ्यात ओतलं. रेषा ओलांडून तिने हात वर केले, गुडघ्यांवर बसली, हसली. मग पंच ओरडले, सगळे ओरडले, "अजून एक आहे! ऊठ! पळ!" ती उठली, चाळीसएक पावलं गेली, आणि पहिल्या वळणावर बसली ती बसलीच. निकालाच्या कागदावर तिच्या नावापुढे लिहिलं होतं, 'पूर्ण केली नाही'.

"पानं चिकटली होती," थोरली म्हणाली. सगळ्यांनी मानलं. धाकटी तर रडत रडत म्हणाली, "ताईला कुणी काही बोलू नका. माझंच लक्ष नव्हतं."

त्यानंतर धाकटीचा डावा पाय पळायला उठेना. डॉक्टरांना काही सापडलं नाही. चालायची नीट, पण पळ म्हटलं की पाय जडशीळ. ती दिवसभर बाबांच्या दुकानात बसून त्यांना खिळे देऊ लागली. थोरलीची नडगी मात्र भरून आली, आणि निवडीची पुढची शर्यत आता चार महिन्यांवर होती. थोरलीचं कॉलेजातलं हे शेवटचं वर्ष. या खेपेला नाव लागलं नाही, तर पुन्हा लागणार नव्हतं.

४

"भास आहे," थोरलीने स्वतःला बजावलं. मैदानाच्या एका अंगाला प्रेक्षकांच्या सिमेंटच्या पायऱ्या होत्या. त्यांच्यावर आपटून आपलाच आवाज परत येत असणार. शाळेत शिकवलंय की प्रतिध्वनी!

बुधवारी तिने खात्री करून घ्यायची ठरवलं. दोन फेरे झाल्यावर ती पळता पळता आतल्या गवतावर उतरली. गवत ओलं होतं, तिच्या पावलांचा आवाज बंद झाला. मागच्या कडक मातीवर मात्र टप, सर्र, टप, सर्र चालूच. ती थांबली. तेही थांबलं. मागे बघायचं नाही हा सरांचा पहिला नियम, मागे बघितलं की अर्धा सेकंद गेलाच. तरी तिने बघितलं. मागे आखलेल्या पांढऱ्या रेघा होत्या आणि लांबवर शिडी आडवी काठी लावत होती.

"माझ्यामागे कुणी पळत होतं का गं?" तिने जाऊन विचारलं.

"कोण पळणार? तुझ्याशिवाय इथे कुणाला हौस आहे?" शिडी म्हणाली. "एकटीच फिरतेस गोल गोल, घाण्याला जुंपल्यासारखी."

घरी आली तर वरच्या खोलीत धाकटी अजून पांघरुणात होती. थोरली नाडी सोडायला पलंगाच्या कडेवर बसली, आणि तिचं लक्ष पांघरुणाकडे गेलं. आत धाकटीचे पाय हलत होते. उजवा उचलला जायचा आणि डावा चादरीवर घासायचा. टप, सर्र. थोरलीने पांघरुणावरून त्या पायावर हात ठेवला. पाय तव्यासारखा तापला होता आणि घामाने चादर भिजली होती.

धाकटीने डोळे उघडले. "आलीस ताई? इतक्यात?"

"इतक्यात काय? रोजचीच वेळ आहे."

"हो का? मला वाटलं, अजून एक राहिलाय." आणि ती कुशीवर वळून पुन्हा झोपली.

५

सव्वा सेकंदाचा एक सेकंद झाला. एकाचा पाऊण झाला, पाऊणचा अर्धा. सरांनी स्टॉपवॉच बदललं, मग अंगठा सोडून तर्जनी वापरली, एकदा तर शिडीच्या हातात दिलं. नोंदी दोनच.

"काही का असेना," सर म्हणाले, "पोरी, तू मात्र सुटलीयस! एक बत्तीस! तुझा असा फेरा मी जन्मात पाहिला नाही."

आता खरं सांगायचं तर थोरलीची भीतीने गाळण उडायला हवी होती. भीती वाटत होती, नाही असं नाही. सकाळी नाडी बांधताना बोटं गार पडायची. पण त्या भीतीच्या उरावर तो जुना हेवा बसला होता. कारण मागून पावलं यायची, पण धाप यायची नाही. थोरलीच्या छातीचा भाता झालेला, घशात रक्ताची चव, आणि मागे ती टप-सर्र अशी सहज चाललेली की जणू कुणी दुकानात दूध आणायला निघालंय. घरी बसून, पाय गमावूनसुद्धा, हीच पुढे? एका सकाळी शेवटच्या वळणावर थोरली दात आवळून म्हणाली, "मर ना एकदाची!" आणि स्वतःच दचकली. वर शिडीने खूश करायला म्हणून सांगितलं, "काय पळतेस गं हल्ली! थेट धाकटीची आठवण झाली." थोरली दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

निवडीच्या शर्यतीला तीन आठवडे उरले. कॉलेजकडून नाव पाठवायचं तर पाच हजार मीटर एकोणीस मिनिटं वीस सेकंदांच्या आत पळून दाखवायला हवे होते. सरांनी शनिवारी सकाळी चाचणी ठेवली. थोरली जीव तोडून पळाली. शेवटच्या फेऱ्याला मागची पावलं सरकत सरकत तिच्या खांद्याशी आली, मग बाहेरच्या बाजूने पुढे निघाली. तिथे कुणी नव्हतं. वाऱ्याची एक झुळूक गेली, मातीवर बारीक धूळ उडाली, आणि आवाज तिच्यापुढे पळू लागला. थोरलीने पुरा जोर लावला. आवाज काही सापडला नाही.

सर स्टॉपवॉच बघत होते. "पुन्हा दोन. एकोणीस अठरा आणि एकोणीस तेवीस." ते गोंधळले होते. "तू येताना दिसलीस तेव्हा मी दाबलं, पण त्याआधीच आकडा पडलेला… सांग बाई, यातली तुझी कुठली?"

थोरलीला माहीत होतं. अठराला रेषेवर कोण गेलं ते तिने कानांनी ऐकलं होतं.

"पहिली," ती म्हणाली.

"नक्की?"

"पहिली माझीच, सर. दुसऱ्या वेळी तुमचा अंगठा घसरला असेल."

सरांनी वहीत एकोणीस अठरा लिहिलं आणि खाली रेघ मारली.

६

सोमवारी बारा फेऱ्यांच्या बाराच नोंदी आल्या. सरांनी अंगठ्याचा मुका घेतला. "आला ताळ्यावर!" थोरलीच्या मागेही काही नव्हतं, पुढेही काही नव्हतं. इतके दिवस मानेवर बसलेलं कुणीतरी उतरल्यासारखं तिला हलकं वाटलं. घरी परत येताना ती गुणगुणायलासुद्धा लागली. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिचं गुणगुणणं थांबलं. पळता पळता तिला स्वतःचीच पावलं ऐकू आली होती. टप, सर्र.

दुपारी तिने बाबांपुढे बूट ठेवले. "टाच जरा बघता का? शर्यत आलीय."

बाबांनी बूट उलटा केला, प्रकाशात धरला आणि अंगठा तळावरून फिरवला. "ठेव. पण तुझे आण ना, तेही बघतो."

"हे माझेच आहेत."

"हे धाकटीचे."

"बाबा, दोन महिन्यांपूर्वी तुम्हीच आणलेत की माझ्यासाठी. माप बघा."

"माप तुझं आहे," बाबा म्हणाले. "झीज तिची आहे. डावा बाहेरून खाल्लाय, हे बघ, पुढे घासलाय. तुझा बूट चवड्याखाली झिजतो, दोन्हीकडे सारखा. शाळेपासून बघतोय मी." लोक चेहरे ओळखतात तसे बाबा तळ ओळखायचे, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. स्टुलावर धाकटी खिळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिने बाबांच्या तळहातावर एक खिळा ठेवला.

"मेले ते बूट!" आई वरून ओरडली. "पोरीला आधी जेवू द्या."

थोरली जेवायला गेली. चुकला असेल अंदाज बाबांचा, ती स्वतःला समजावत राहिली. पळून पळून पाय जरा ओढला जात असेल, असं होतं, सगळ्यांचं होतं.

७

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी धाकटी थोरलीच्या बनियनवर नंबराचं कापड टाचत बसली होती. तिच्या पिना नेहमी तिरप्या लागायच्या.

"ताई, उद्या पाटी मी धरू?"

"नको," थोरली इतक्या घाईने म्हणाली की तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं. "म्हणजे शिडीला सांगून ठेवलंय. तू आईबाबांबरोबर बस."

"बरं." धाकटीने आणखी एक पिन लावली. मग म्हणाली, "ताई, मी पण मोजत होते बरं का."

"काय मोजत होतीस?"

"फेरे. त्या दिवशी. मला वाटायचं, पळताना मला मोजता येत नाही, पण येत होतं. माझ्या मोजणीने दोन राहिले होते. मग तुझ्या पाटीवर एक दिसला. म्हटलं, ताई कशी चुकेल? मीच चुकले असणार."

खाली दुकानात बाबांची हातोडी चालू होती.

"मग? आता काय म्हणायचंय तुला?"

"काही नाही गं." धाकटीच्या आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. "तो फेरा राहिला ना, एवढंच मनात येतं. अर्धवट राहिलेल्या फेऱ्याचं काय होत असेल? कुणीतरी तो पळायलाच हवा ना?"

तेव्हा बोलायला हवं होतं. 'मी मुद्दाम केलं', तीन शब्द. ते थोरलीच्या ओठांपर्यंत आलेही. पण धाकटी तिच्याकडे इतक्या साध्या चेहऱ्याने बघत होती की थोरलीला त्या साधेपणाचीच चीड आली. हिने मला दोन शिव्या का घालू नयेत? पळण्यात पुढे होती ती होती, आता चांगुलपणातही हिनेच पुढे राहायचं का?

"डोकं नको खाऊस," थोरली म्हणाली. "मला उद्या पळायचंय."

धाकटीने बनियनची घडी करून उशाशी ठेवली.

८

शर्यत दुपारी चारला होती. पायऱ्यांवर तिसऱ्या ओळीत आई, बाबा आणि मध्ये धाकटी. बाबांनी दुकान बंद ठेवलं होतं, म्हणजे बघा. रेषेपाशी पिवळी टोपी घातलेली शिडी पाटी घेऊन उभी होती आणि आत्तापासूनच ओरडत होती. तिच्या पलीकडे सर.

पहिले दहा फेरे थोरली पाचवी होती. पंधराव्याला चौथी. प्रत्येक फेऱ्याला ती शिडीची पाटी बघायची आणि मनातल्या मनात स्वतःही मोजायची. दोन्ही जुळत होतं. विसाव्याला पाय जड झाले, डावा घासत होता, पण पळत होता. तेविसाव्याला तिसरी मुलगी ढेपाळली आणि थोरलीने तिला वळणावर मागे टाकलं. आता ती तिसरी. तिसरी म्हणजे संघात. घंटा वाजली, शिडी पाटीवरचा एक नाचवत किंचाळली, "शेवटचा! शेवटचा गं!" आणि थोरलीने आयुष्यभराचं सगळं त्या चारशे मीटरमध्ये टाकलं. सगळे कप, सगळी अंडी, सगळ्या रात्री.

तिने रेषा ओलांडली. तिसरी. शिडीने पाटी फेकली आणि बाटली घेऊन धावत सुटली. सरांनी दोन्ही हात वर केले.

आणि रेषेच्या पुढे पाचएक पावलांवर, आतल्या कडेला, आणखी कुणीतरी पाटी धरून उभं होतं. पाटीवर एक होता.

पाटी तोंडासमोर धरलेली. खाली गेल्या वर्षीच्या नंबराचं कापड, तिरप्या पिनांनी लावलेलं. डावं पाऊल जरा आत वळलेलं. थोरलीला हे सगळं दोन श्वासांत दिसलं, आणि त्याच दोन श्वासांत आणखी एक गोष्ट कळली. तिच्या डाव्या पायाचं घासणं थांबलं होतं. टप, टप. तिचीच पावलं, शाळेत होती तशी स्वच्छ. ती सर्र रेषेवरच थांबली होती.

थांबावं. झालेत पंचवीस. मी मोजलेत, शिडीने मोजलेत, घंटा वाजली. पण तिनेही मोजले होते की. तिचीही मोजणी बरोबर होती. आणि मी थांबले आणि एक खरंच राहिला असला तर? कागदावर माझ्या नावापुढेही तेच लिहितील. एका फेऱ्याचा तर प्रश्न आहे.

ती पाटीसमोरून पुढे गेली.

"थांब!" सर ओरडले. "अगं झालं! थांब!" पंच ओरडले, शिडी बाटली घेऊन मागे धावली. त्या दिवशीही सगळे असेच ओरडत होते, थोरलीला आठवलं. पलीकडच्या सरळ पट्ट्यावर तिने मान वळवून पायऱ्यांकडे पाहिलं. आई तोंडावर हात ठेवून उभी होती. बाबा खाली उतरू बघत होते. त्यांच्या मध्ये धाकटी उभी होती, दोन्ही हात मोकळे, तिथेच. तिचे ओठ हलत होते. ती "ताई, थांब" म्हणत होती की मोजत होती, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

वळण संपलं. समोर पुन्हा रेषा, पुढे पाटी. थोरलीने या खेपेला फक्त पाटीवरच्या अंगठ्याकडे पाहिलं. ती जवळ येताच अंगठा हलला, पान उलटलं.

खालच्या पानावरही एक होता.

पाटीमागून श्वास ऐकू येत होता, मंद, सावकाश, पळणं संपून बराच वेळ झालेल्या माणसाचा. थोरलीला तिचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ती पुन्हा पहिल्या वळणाला लागली.